भिंतीपलीकडचा तलाव

सकाळी साडेदहाला भिंतीपलीकडून ‘धबाक्’ असा आवाज आला, पाठोपाठ बायकांचं खिदळणं ऐकू आलं आणि क्लिफर्ड ऑल्डरॉइडच्या तोंडातला चहा कडू झाला. आवाज पोहण्याच्या तलावात उडी मारल्याचा होता. तलाव शेजारच्या ट्रेव्हर पेंगेलीचा होता. उडी मात्र क्लिफर्डच्या बायकोने मारली होती.

अर्ध्या तासाने मॅव्हिस ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल टाकून गुणगुणत घरात आली.

“काय पाणी होतं म्हणून सांगू, क्लिफ! गुडघा दुखायचा पार थांबला बघ.”

“गुडघ्याला एवढं हसू येतं हे मला माहीत नव्हतं,” क्लिफर्ड म्हणाला.

“अरे, ट्रेव्हरने फुलहेन्सिओची नक्कल केली. कचेरीतला तो मोजणीवाला रे, नाकात बोलतो तो. ग्लेनिस तर हसता हसता बुडायचीच राहिली होती. तूही येत जा ना. ते रोज विचारतात.”

“मला कामं आहेत.”

“कसली?”

क्लिफर्डने चहाचा कप पुढे ओढला. निवृत्त होऊन त्याला अकरा वर्षं झाली होती आणि त्या दिवशीचं त्याचं एकमेव काम म्हणजे भिंतीपलीकडचं ऐकणं, हे काही बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

नोकरीत असताना क्लिफर्ड इंग्लंडमधल्या हडर्सफील्डमध्ये ड्रायव्हिंगची परीक्षा घ्यायचा. बत्तीस वर्षं लोकांच्या शेजारच्या सीटवर बसून त्याने चुका टिपल्या होत्या. निवृत्तीनंतर पावसाला आणि शेगडीपुढच्या हिवाळ्यांना कंटाळून त्याने स्पेनमध्ये, आलिकांतेच्या मागच्या डोंगरात, बेनाल्फारा नावाच्या गावाबाहेर बदामाच्या उतारावर जमीन घेतली. एलेउतेरिओ नावाच्या म्हाताऱ्याने ती विकली. त्याने काठीने हवेत रेघ ओढून “त्या झाडापासून ह्या खडकापर्यंत तुझं” असं सांगितलं आणि तिथे स्वतःच्या हाताने दगडी भिंत रचून दिली. क्लिफर्डने टुमदार घर बांधलं. पुढची नऊ वर्षं त्या उतारावर तो एकटाच परदेशी होता. गावात कोणी ‘इंग्रज’ म्हटलं की तो क्लिफर्डच. त्याला ते आवडायचं. चारचौघांत तो कधी कबूल करणार नाही, पण रेमेदिओसच्या बारमध्ये शिरताना तो किंचित छाती काढून शिरायचा.

आणि मग त्याने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. दोन वर्षांपूर्वी त्याच बारमध्ये त्याला एक लालबुंद, गोल, गडगडाटी हसणारा माणूस भेटला. तोही इंग्लंडचाच, कॉर्नवॉलमध्ये गालिचे विकणारा, आठ दिवसांच्या सुट्टीवर आलेला. क्लिफर्डने त्याला दोन तास बसवून हे ऊन, ही हवा, ही शांतता, इथल्या जमिनीचे भाव आणि आपली दूरदृष्टी असं सगळं ऐकवलं. तिसऱ्या दिवशी त्या माणसाने क्लिफर्डच्या भिंतीला लागून असलेला मोठा तुकडा एलेउतेरिओकडून विकत घेतला. तो ट्रेव्हर पेंगेली.

वर्षभरात ट्रेव्हर आणि त्याची बायको ग्लेनिस यांचं घर उभं राहिलं, मोठं. तलाव झाला, निळाशार. एवढ्यावर भागलं असतं तर क्लिफर्डने दात-ओठ खाऊन निभावलं असतं. पण ट्रेव्हरला गाव वश झालं. क्लिफर्ड पुस्तकातून शुद्ध, व्याकरणशुद्ध स्पॅनिश शिकला होता. तो बोलायला लागला की गावकरी भुवया उंचावून एकमेकांकडे बघत. ट्रेव्हरला चाळीस शब्द येत होते आणि त्यातले निम्मे खाण्याचे होते. उरलेलं तो हातवारे करून बोलायचा, आणि ते सगळ्यांना कळायचं. बायका त्याच्या दारात टोमॅटोच्या पिशव्या ठेवून जात. म्हातारे त्याला डोमिनो खेळायला बोलवत. गावाच्या बोलण्यात ट्रेव्हर ‘आपला त्रेबोर’ झाला आणि क्लिफर्ड ‘तो दुसरा’.

जूनच्या जत्रेत तर कहरच झाला. पाएया हा तिथला भाताचा प्रकार करण्याच्या गावच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून ट्रेव्हरला बसवलं. बत्तीस वर्षं परीक्षक असलेला माणूस तिथे उभा असताना, गालिचेवाल्याला! क्लिफर्डकडे खुर्च्या लावायचं काम आलं. रेमेदिओस कौतुकाने म्हणाली, “ओळी सरळ लाव हं. तुला ते छान जमतं.”

तर अशा त्या क्लिफर्डने त्या सकाळी चहाचा कप पालथा घातला, टोपी डोक्यावर ठेवली आणि चालत गावच्या कचेरीत गेला.

कचेरीत इन्मा बसायची. हातातल्या पंख्याने वारा घेत तिने त्याच्याकडे पाहिलं.

“या, सिन्योर क्लिफोर्द. आज काय? कचऱ्याचा डबा, कुत्रं, की चर्चची घंटा?”

“तक्रार नाही. साधी चौकशी आहे.”

“अर्ज एकच आहे. वरच्या चौकोनात खूण केली की चौकशी, खालच्या चौकोनात केली की तक्रार.”

“आणि फरक काय?”

“चौकशीला आम्ही उत्तर देत नाही.”

क्लिफर्डने खालच्या चौकोनात खूण केली. मग पेन हवेत धरून विचारलं, “नाव लिहायलाच हवं का?”

“नाव नसलं तर कागद कोणाला पाठवू? देवाला?”

त्याने नाव लिहिलं. ‘माझ्या घराच्या पूर्वेस, भिंतीपलीकडे असलेला तलाव रीतसर परवानगीने बांधला आहे किंवा कसे, याची कसून तपासणी व्हावी.’ ‘कसून’ हा शब्द त्याने नंतर, जागा करून, वर घातला. खाली झोकदार सही केली.

परतताना ऊन डोक्यावर आलं होतं. चढाला लागतो न लागतो तोच मागून हॉर्न वाजला. ट्रेव्हर!

“क्लिफ! वेडा आहेस का, ह्या उन्हात चालतोस? बस, बस आत!”

नाही म्हणायला काही कारण सुचेना. ट्रेव्हरने एका हाताने गाडी चालवली, वळणावर आरशात पाहिलं नाही, आणि गावातल्या अर्ध्या लोकांना खिडकीतून हात केला. नोकरीत असता तर क्लिफर्डने त्याला पहिल्याच चौकात उतरवलं असतं. उतरताना ट्रेव्हरने त्याच्या मांडीवर लिंबांची पिशवी ठेवली.

“घे. झाड नुसतं लगडलंय. आणि ऐक ना, तू पोहायला का येत नाहीस? मी काही केलंय का?”

“छे, छे,” क्लिफर्ड म्हणाला. लिंबं त्याला फार जड लागली.

त्या शुक्रवारी फुलहेन्सिओ मोजणीचं यंत्र घेऊन आला. क्लिफर्ड पडद्याआडून पाहत होता. ट्रेव्हरने मोजणीवाल्याला थंड बिअर दिली, खुर्ची दिली, ग्लेनिसने ऑलिव्हची वाटी आणली. फुलहेन्सिओने यंत्र तिवईवर चढवलं, डोळा लावला, कागद पाहिला. पुन्हा डोळा लावला. कागद उलटा करून पाहिला. मग तो भिंतीवर चढला, एलेउतेरिओच्या त्या खडकाकडे बघून मान हलवली, आणि अखेर क्लिफर्डच्या फाटकाशी आला.

“सिन्योर, तुमचा गट क्रमांक एकशे चौदा ना?”

“एकशे चौदा.”

“शेजारचा एकशे पंधरा. त्यांची परवानगी एकदम चोख आहे. मात्र ती आहे एकशे पंधरावर.” फुलहेन्सिओने नाकातून दीर्घ श्वास घेतला. “भिंत चुकीच्या जागी आहे. म्हाताऱ्याने नजरेने घातली असणार. सरकारी नकाशाप्रमाणे तुमची हद्द अकरा मीटर पुढे जाते. म्हणजे तलाव एकशे चौदात येतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे तलाव तुमच्या जमिनीत आहे.”

क्लिफर्डने त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतः मनात म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन मॅव्हिसला म्हटलं. तो इतका उजळला होता की मॅव्हिसने हातातली सुरी खाली ठेवली.

“तू एवढा खूश दिसलास की मला भीती वाटते, क्लिफ. कचेरीला आत्ताच मोजायचं कसं सुचलं?”

“असेल काही तरी नेहमीचं,” क्लिफर्ड म्हणाला आणि घाईने बाहेर पडला.

ट्रेव्हरने सगळं ऐकून घेतलं. त्याचा लाल चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. क्लिफर्डने हा क्षण डोळे भरून पाहायचं ठरवलं होतं, पण काही कारणाने तो भिंतीकडे बघत बोलत राहिला.

“आता हे बघ, मी काही आडमुठा माणूस नाही. पाणी तू भरलंस, फरशा तू बसवल्यास. तुम्हालाही वापरता येईल. आपण वेळापत्रक करू.”

“वेळापत्रक,” ट्रेव्हर म्हणाला.

“म्हणजे गोंधळ नको.”

वेळापत्रक त्याने त्याच संध्याकाळी पट्टी लावून आखलं आणि तलावाच्या खांबाला प्लॅस्टिकमध्ये घालून बांधलं. ऑल्डरॉइड, सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते बारा. पेंगेली, गुरुवारी दुपारी आणि रविवारी. तळटीप: उडी मारताना पाणी बाहेर उडवू नये. ट्रेव्हरने ते वाचलं आणि शांतपणे पाणी गाळायच्या यंत्राची किल्ली, पाण्यात टाकायच्या औषधाचा डबा आणि लांब दांड्याची जाळी क्लिफर्डच्या हवाली केली.

“रोज सकाळी पानं काढायची,” तो म्हणाला. “बदामाची फार पडतात.”

सोमवारी नऊला क्लिफर्ड पोहण्याची नवी चड्डी घालून, भिंतीला लावलेल्या शिडीवरून पलीकडे उतरला. पानं काढली. औषध टाकलं. मग लोखंडी कठडा घट्ट धरून तीन पायऱ्या पाण्यात उतरला आणि थांबला. इथे एक गोष्ट सांगायला हवी: क्लिफर्डला पोहता येत नव्हतं. लहानपणी हडर्सफील्डच्या सार्वजनिक तलावात कोणीतरी त्याला मागून ढकललं होतं, तेव्हापासून आंघोळीच्या टबापलीकडे त्याचा पाण्याशी संबंध आला नव्हता. कंबरभर पाण्यात तो कठडा धरून पाऊण तास उभा राहिला. ऊन होतं, पाणी निळं होतं, आणि सगळं कागदोपत्री त्याचं होतं.

“मॅव्हिस!” त्याने हाक मारली. “ये ना! आपली वेळ आहे!”

भिंतीवरून मॅव्हिसचं डोकं दिसलं. “ग्लेनिस आहे?”

“ती कशी असेल? तिची वेळ गुरुवारी.”

“मग मी गुरुवारी जाईन,” मॅव्हिस म्हणाली आणि डोकं खाली गेलं.

गुरुवारी दुपारी मात्र पलीकडे कोणीच उतरलं नाही. ना धबाक्, ना हसणं. क्लिफर्ड कान देऊन बसला होता. अशी शांतता त्याने दोन वर्षं मागितली होती. ती मिळाल्यावर त्याला दुपारची वामकुक्षीसुद्धा लागेना.

दोन आठवड्यांनी कचेरीचं पत्र आलं. क्लिफर्डने ते चष्मा लावून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. गट क्रमांक एकशे चौदाचे मालक क्लिफर्ड ऑल्डरॉइड यांस कळवण्यात येते की, सदर गटात विनापरवाना तलाव आढळला. गटाचं क्षेत्र लहान असल्याने इथे तलावाला परवानगी मिळू शकत नाही. सबब सात दिवसांत तलाव रिकामा करावा व साठ दिवसांत मातीने बुजवावा. तक्रारदार: क्लिफर्ड ऑल्डरॉइड.

त्याने शब्दकोश मिटला. चूक शब्दकोशाची नव्हती.

तो धावतच कचेरीत गेला. तिथे पोचण्याआधीच त्याला चौकात एलेउतेरिओ भेटला. म्हाताऱ्याने काठी टाकून त्याला मिठी मारली.

“अरे, काय माणूस आहेस तू! ऐंशी वर्षांत असा माणूस पाहिला नाही मी!”

“काय झालं?”

“स्वतःच्या तलावाबद्दल स्वतःच तक्रार केलीस! तिथे फलकावर लावलंय बघ. माझ्या भावाने तीन खोल्या विनापरवाना काढल्या, मेला तरी बोलला नाही! आणि तू? स्वतःहून! ‘कसून तपासा’ म्हणालास!”

कचेरीबाहेरच्या फलकाशी सातआठ जण उभे होते. क्लिफर्ड येताच त्यांनी वाट करून दिली. कोणीतरी टोपी काढली. रेमेदिओसने दारातून ओरडून सांगितलं की आज त्याच्याकडून कॉफीचे पैसे घेणार नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा गाव त्याच्याकडे कौतुकाने बघत होतं आणि त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

“इन्मा,” तो आत जाऊन कुजबुजला, “तो कागद फलकावरून काढ. आत्ताच्या आत्ता.”

“पंधरा दिवस ठेवावा लागतो. कायदाच तसा आहे.” तिने पंखा थांबवला. “तुम्हाला माहीत नव्हतं ना, तलाव तुमचा निघेल म्हणून?”

क्लिफर्डने हातातल्या पत्राची घडी घातली. इन्माने पंखा मिटला.

“मी कोणाला सांगणार नाही,” ती म्हणाली. “पण सिन्योर त्रेबोर सकाळीच वाचून गेलेत. त्यांना चाळीसच शब्द येतात, पण तुमचं नाव वाचता येतं. आणि ‘भिंतीपलीकडे’ हा शब्दही.”

घरी मॅव्हिस स्वयंपाकघरात उभी होती. टेबलावर काही मांडलेलं नव्हतं.

“ग्लेनिस येऊन गेली,” ती म्हणाली. “रडत होती. मी तिला सांगितलं, काहीतरी गैरसमज असेल, क्लिफ असं करणार नाही. बेचाळीस वर्षं ओळखते मी त्याला.” ती थांबली. “सांग, गैरसमज आहे ना?”

क्लिफर्डच्या हातात अजून कचेरीचं पत्र होतं. त्याने ते टेबलावर ठेवलं, सरळ केलं, कडेला समांतर केलं.

“नाही.”

“का रे? त्यांनी काय घोडं मारलं होतं तुझं?”

“तुला हसताना ऐकायचो रोज,” तो म्हणाला. “इथून. ह्या खुर्चीवरून. माझ्याबरोबर तू असं शेवटचं कधी हसलीस, तेच आठवेना.”

“मूर्खा,” ती म्हणाली, “तुला रोज बोलवत होते ना मी!” आणि टॉवेल न घेताच पलीकडे निघून गेली. त्या दिवशी क्लिफर्ड पाव आणि टोमॅटो खाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तो शिडी न वापरता रस्त्याने, फाटकातून, घंटा वाजवून पेंगेलींकडे गेला. ट्रेव्हर अंगणात बसला होता. त्याने उठून हात केला नाही, हे क्लिफर्डला फार लागलं. ट्रेव्हर तर पोस्टमनलासुद्धा उठून हात करायचा.

“मी तक्रार केली,” क्लिफर्ड म्हणाला. “मला तुझा हेवा वाटत होता. तलावाचा, टोमॅटोंचा, सगळ्याचा. तुला जत्रेत परीक्षक केलं तेव्हा मला तीन दिवस झोप नव्हती.”

“पाएयाच्या?” ट्रेव्हर चकित झाला. “अरे, एकोणीस पातेल्यांतला भात खावा लागला मला! दोन दिवस पडून होतो. मी त्यांना म्हटलं होतं, क्लिफला घ्या, तो शिस्तीचा आहे. तर म्हणाले, तो खरे मार्क देईल, गावात मारामाऱ्या होतील.”

मनाच्या एका कोपऱ्यात क्लिफर्डला ते ऐकून बरं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

“तू मला सरळ म्हणाला असतास तर?” ट्रेव्हर म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. “ट्रेव्हर, तुझा मला राग येतो, तुझा आवाज कमी कर, म्हणायचं! मी कॉर्नवॉलचा आहे, मला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही! आणि ते वेळापत्रक! उडी मारताना पाणी उडवू नये! मग उडी मारायची कशाला, लेका?”

“ते मी काढून टाकलंय.”

“ते मी आधीच काढून टाकलंय. जाळलं मी ते.”

ट्रेव्हरने पायाने एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली. आतून दोन्ही बायका पडद्याआडून बघत होत्या, आणि पडदा हलत होता.

मार्ग इन्माने सांगितला. ती अकरा मीटरची पट्टी क्लिफर्डने नोटरीपुढे सही करून ट्रेव्हरच्या गटाला जोडून द्यायची. मग तलाव एकशे पंधरात जातो, आणि मोठ्या गटात तो कायदेशीर होतो. तलाव आपल्या नावावर असल्याचा आनंद क्लिफर्डने तीन आठवडे भोगला होता. तो त्याने सही करताना पेनच्या एका फराट्यात सोडला. नोटरीने विचारलं, “बदल्यात काय घेणार?” ट्रेव्हर म्हणाला, “काय पाहिजे ते माग.” क्लिफर्ड बराच विचार करून म्हणाला, “पानं मात्र आता तू काढ.”

पण सरकारी कागद सावकाश चालतात, आणि ऑगस्टमध्ये तर ते चालतच नाहीत. नव्या नकाशावर शिक्का पडेपर्यंत तलाव रिकामा ठेवावा, असा हुकूम कायम राहिला. पाणी सोडलं. निळ्या फरशांचा एक मोठा कोरडा खड्डा उरला. आणि नेमका त्याच आठवड्यात आफ्रिकेकडून तो गरम वारा सुटला. अंगणातल्या खुर्च्यांना हात लावता येईना. घरात पंखे गरम हवा फिरवत होते.

पहिल्यांदा ते ग्लेनिसच्या लक्षात आलं. सांडलेलं औषध पुसायला ती तलावाच्या खोल टोकाला उतरली होती, ती वर येईचना.

“काय झालं?” ट्रेव्हरने काठावरून विचारलं.

“इथे गार आहे!” खालून आवाज घुमला. “फरशा गार आहेत! सावली आहे!”

त्या संध्याकाळी चौघांनी मिळून टेबल खाली उतरवलं. मागोमाग चार खुर्च्या, मॅव्हिसचं बटाट्याचं ऑम्लेट, ऑलिव्ह, कलिंगड आणि डोमिनोचा डबा. क्लिफर्ड जन्मात पहिल्यांदा तलावाच्या खोल टोकाला गेला, आणि कठडा न धरता. खाली बोललेलं सगळं घुमायचं. ट्रेव्हरने फुलहेन्सिओची नक्कल केली तर ती नाकातून नव्हे, थेट विहिरीतून आल्यासारखी वाटली. मग, कोणाच्याच ध्यानीमनी नसताना, क्लिफर्डने एक नक्कल केली. गालिचे विकणारा माणूस एका हाताने गाडी चालवत गावाला टाटा करतोय आणि शेजारी बसलेला परीक्षक डोळे मिटून देवाचं नाव घेतोय, अशी ती नक्कल होती. मग ट्रेव्हरने टेबलावर बुक्की मारली आणि मॅव्हिस अशी हसली की तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. ती क्लिफर्डच्या खांद्यावर डोकं टेकून हसत राहिली. क्लिफर्ड काठीसारखा ताठ बसून राहिला. जरा हललो तर हे थांबेल, अशी त्याला भीती वाटत होती.

मग ती रोजचीच बैठक झाली. एलेउतेरिओ एकदा डोकावून गेला आणि दुसऱ्या दिवशी आपली खुर्ची घेऊन आला. रेमेदिओसने बार बंद असण्याच्या वारी बर्फाची बादली पाठवली. डोमिनोत क्लिफर्ड गुण लिहायचा, आणि म्हाताऱ्याची लबाडी त्याने दोनदा पकडली, तरी मारामारी झाली नाही.

ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी इन्माचा फोन आला. नव्या नकाशावर शिक्का पडला असेल असं वाटून क्लिफर्डने तो घाईघाईने उचलला.

“शिक्का नाही पडला अजून,” ती म्हणाली. “हे दुसरंच आहे. सिन्योर क्लिफोर्द, तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे. तुमच्या चौघांविरुद्ध.”

“कोणाची?”

“तुमच्या वरच्या उतारावर तो नवा डच माणूस राहायला आलाय ना, मोठा गच्चीवाला, त्याची. मी तुम्हाला सांगायला नको खरं तर. पण आमची पद्धत, दोन्ही बाजू ऐकायच्या.”

“काय लिहिलंय त्याने?”

कागद उलगडल्याचा आवाज आला. “‘माझ्या गच्चीतून असे दिसते की, खालच्या एका कोरड्या तलावात काही वयस्क मंडळी रोज संध्याकाळी टेबल-खुर्च्या मांडून जेवतात आणि मोठमोठ्याने हसतात. मी इथे शांततेसाठी घर घेतले. माझी गच्ची त्या जागेपेक्षा कितीतरी मोठी असून तिथे मी एकटाच बसतो. रिकाम्या तलावात बसून एवढे हसण्यास परवानगी आहे किंवा कसे, याची तपासणी व्हावी.’”

क्लिफर्ड आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसला.

“सिन्योर? रागावलात का? तसं काही होणार नाही हो. हसण्यावर आमच्याकडे अर्ज नाही. मी त्याला समजावते.”

“नको, नको,” क्लिफर्ड म्हणाला. साऱ्या आयुष्यात त्याचा कोणी हेवा केला असेल असं त्याला आठवत नव्हतं. त्याने भिंतीकडे तोंड करून जोरात हाका मारल्या, “मॅव्हिस! ट्रेव्हर! ग्लेनिस! इकडे या, पटकन या सगळे!” मग फोन कानाला घट्ट धरून, शुद्ध, व्याकरणशुद्ध स्पॅनिशमध्ये, अगदी हळुवार आवाजात म्हणाला, “इन्मा, तसदी नसेल तर एकदा परत वाच. सावकाश.”